खराब टेक लगेच उडव

मुलुंड (पूर्व)
११ ऑगस्ट २०२४

प्रिय निलू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ताडकन उभा राहिला असशील. कोणी गेलेलं नाही, बस खाली. शाळेतून रिटायर झाले तेव्हा कपाटात पोस्टाची पंधरा पाकिटं उरली होती. ती पडून आहेत, म्हणून लिहिते आहे.

काम आहे. आवाज रेकॉर्ड करायचं एखादं छोटं यंत्र घ्यायचंय. सोसायटीतल्या मुलांसाठी गोष्टी भरून ठेवाव्यात असं मनात आलं. मोबाइलवर करून पाहिलं. गोष्ट रंगात आली की कोणीतरी कर्ज हवंय का विचारायला फोन करतं आणि रेकॉर्डिंग बंद पडतं. स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तर त्या माणसाने माझ्यापुढे सहा डबे मांडले आणि सगळेच बेस्ट आहेत म्हणाला. स्वरदाला विचारलं. ऑफिसात ती दहा माणसांना शिकवते, पण आईला शिकवायचं म्हटलं की दोन मिनिटांत तिचा धीर संपतो. तुझ्या भावोजींचं, अनिरुद्धचं, तर तुला माहीत आहे, त्याला टीव्हीचा रिमोटही अजून परका वाटतो.

तू चारकोपच्या गाळ्यात तीस वर्षं लोकांचे टेपरेकॉर्डर आणि मोबाइल उघडून बसला आहेस. सख्ख्या मावसभावाचा एवढा उपयोग तरी व्हावा. कोणतं घेऊ, सेलवर चालणारं घेऊ की चार्जिंगचं, आणि त्यातला आवाज बाहेर कसा काढायचा, एवढं नीट सांग.

फोन करू नकोस. घसा धरलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. पत्रच पाठव, आणि जरा लवकर.

तुझी
वसुताई

---

चारकोप, कांदिवली (प.)
१९ ऑगस्ट

वसुताई,

नमस्कार, पाया पडतो वगैरे. मी तुला शेवटचं पत्र दहावीत लिहिलं होतं, कुडाळच्या होस्टेलवरून. तू ते लाल पेनने तपासून परत पाठवलंस आणि खाली 'पाचपैकी दोन' लिहिलंस. तेव्हापासून पत्र लिहायची हिंमत झाली नाही.

आता ऐक. पेनाएवढा रेकॉर्डर मिळतो, तो घे. पण ज्याचं मेमरी कार्ड बाहेर काढता येतं असाच घे. आतल्या मेमरीवाला बिघडला की आवाज आतच अडकतो, मग लोक माझ्याकडे येऊन रडतात. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा बघ. चार्जिंगवाल्याची बॅटरी दोन वर्षांत फुगते. डब्यावर काय काय लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नको, हातात धरून बटणं मोठी आहेत का तेवढं बघ.

पण आत्ता घेऊ नको. दिवाळीचा सेल लागू दे, निम्म्यात मिळेल. गोष्टीच सांगायच्यात ना, राजाराणी कुठे पळून जात नाहीत. अडीच महिने थांब.

तू नको म्हणालीस तरी परवा फोन केलाच, राहवलं नाही. तू उचललास. पुढे काय बोललीस ते एक अक्षर कळलं नाही. अगं, कवळी बसवलीस की काय? सांगायचं ना. आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या दशरथने बसवली तेव्हा तोही महिनाभर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलायचा. सवय होते. तोवर मी हसून घेतो.

निलेश

---

मुलुंड (पूर्व)
२४ ऑगस्ट

निलू,

कवळी नाही. दात सगळे जागेवर आहेत, जीभच काम सोडून चालली आहे.

मे महिन्यात 'ळ' जमेना. पस्तीस वर्षं मुलांकडून 'कमळ, बाळ, फळा' घोकून घेणाऱ्या बाईला 'ळ' येईना, तेव्हा आधी मलाच हसू आलं. मग रिक्षावाल्याने पत्ता तीनदा विचारला आणि चौथ्यांदा अनिरुद्धला विचारला. मग अन्न घशात अडकायला लागलं. घाटकोपरच्या डॉक्टरांनी जुलैत नाव सांगितलं, मोटर न्यूरॉनचा आजार. नसा स्नायूंना हुकूम द्यायच्या थांबतात. कोणाचे पाय आधी जातात, माझी जीभ जाते आहे, नंतर हात. गोळ्या आहेत, त्या फक्त वेळ काढतात. बोलणं कधीपर्यंत राहील विचारलं, तर म्हणाले, नवीन वर्षापर्यंत राहिलं तर नशीब समजा.

सोसायटीतली मुलं ही थाप होती. बोलायचे व्यायाम शिकवायला कुंदा म्हणून एक बाई येतात. त्या म्हणाल्या, रोज लागणारी वाक्यं आत्ताच तुमच्या आवाजात भरून ठेवा, पुढे टॅबवर बटण दाबलं की ती ऐकू येतील. मला माझा आवाज ठेवायचा आहे, निलू. घरात मी बोलायची थांबले तर त्या दोघांमध्ये उरलंच काय, टीव्ही. आणि तू मला दिवाळीपर्यंत थांबायला सांगतोस.

रागावले नाही. तुला माहीत नव्हतं.

एक मात्र ऐक. येऊ नकोस. बोलताना माझी लाळ गळते, रुमाल हातातच ठेवावा लागतो. लोक मी प्यायलेय असं समजून बघतात, त्यांचं काही वाटत नाही. तू लहानपणी माझं बोट धरून शाळेत आलास, तू मला असं पाहू नयेस. दारात आलास तर आतून कडी लावीन. तू कामाचा माणूस आहेस, काम कर.

वसुताई

---

चारकोप
२८ ऑगस्ट

वसुताई,

दिवाळी काय, कवळी काय, माझ्या जिभेला हाड नाही. पत्र गाळ्यात वाचलं आणि शटर अर्धं खाली ओढून बसलो. दोन गिऱ्हाइकं वाकून बघून गेली. तुझ्याऐवजी मला का नाही झालं हे, असं वाटलं. मी बोलायचा थांबलो असतो तर कांदिवलीत कोणाला फरक पडला नसता.

येऊ नको म्हणतेस, तर येत नाही. तुझा शब्द मोडायची सवय नाही.

पार्सलमध्ये रेकॉर्डर आहे, कार्ड आत घातलंय, सेल घातलेत, वर चार जादा आहेत. पुढचं नीट वाच. बेडरूम घे. पंखा बंद कर. साड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बस. कपडे आवाज गिळतात, त्यामुळे तो घुमत नाही. यंत्र तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धर, म्हणजे श्वास माइकवर आपटणार नाही. लाल दिवा लुकलुकला की थांबलेलं, सलग लाल असला की चालू. सकाळी चहा झाला की लगेच बस, दिवस चढेल तशी जीभ थकत असेल.

एक वाक्य, एक फाइल. आणि हे मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटव: खराब टेक लगेच उडव. खोकला आला, अडखळलीस, कुकरची शिट्टी झाली, कोणी मध्ये बोललं, की डिलीट. नाहीतर शेवटी पाचशे फाइलींतून चांगली कुठली ते शोधताना माझी वाट लागेल.

यादी करून घे. पाणी, औषध, पंखा असली कामाची वाक्यं आधी.

निलेश

---

मुलुंड (पूर्व)
२२ सप्टेंबर

निलू,

तुझं यंत्र दुसऱ्याच दिवशी मुकं झालं. दिवा नाही, काही नाही. सेल बदलले, पालथं करून आपटलं, अनिरुद्धने त्याला फुंकर मारली. मग स्वरदाने बाजूचं एक बटण खाली सरकवलं आणि ते चालू झालं. 'होल्ड' म्हणे. त्या बटणाबद्दल तू एक ओळ लिहिली असतीस तर आमचा अर्धा दिवस वाचला असता. पाचपैकी साडेतीन.

एकशे बासष्ट वाक्यं झाली. पहिल्या दिवशीचं ऐकलं आणि लाज वाटली. मी कुडाळच्या बाजारात भाव करावा तशी बोलत होते. घरात मालवणी तोंडात येते, त्याला इलाज नाही, पण हे कायमचं राहणार आहे, ते नीटच हवं. सगळं उडवलं आणि पुन्हा बसले, ताठ, वर्गात उभी राहायचे तशी. 'कृपया मला पाणी द्या.' 'स्वरदा, तू जेवलीस का?' 'अनिरुद्ध, दूरदर्शनचा आवाज कमी कर.' प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. 'ळ' असलेली वाक्यं बदलून घेतली, कोणाला कळणारही नाही.

खराब टेक लगेच उडवते. एकदा अनिरुद्ध मध्येच बोलला. एकदा स्वयंपाकघरात दूध वर आलं आणि मी तिथूनच ओरडले. एकदा मलाच हसू फुटलं आणि थांबेना. सगळं डिलीट. वह्या तपासल्यासारखं वाटतं, बऱ्याच दिवसांनी मजा आली.

एक वाक्य मात्र जमलं नाही. चौदा वेळा केलं, शेवटी यादीतून काढून टाकलं. तसं महत्त्वाचं नव्हतं.

कार्ड पाठवते आहे.

वसुताई

---

चारकोप
६ ऑक्टोबर

वसुताई,

झकास. एकशे बासष्टच्या एकशे बासष्ट फाइली, एकीतही खरखर नाही. स्टुडिओतले लोक असं काम करत नाहीत.

टॅब पाठवतोय. नवीन घ्यायचा नाही म्हणून हट्टाने जुना घेतला आणि बॅटरी नवी टाकली. पडद्यावर चौकोन आहेत, प्रत्येकावर चित्र. चौकोन दाबला की वाक्य बोलतो. हाताची ताकद कमी झाली तर सांग, चौकोन मोठे करून देईन. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू नका, ऐंशी टक्के झाले की काढा. भावोजींना सांग, फुंकर मारायची नाही.

तुझं कार्ड परत पाठवतोय. त्यावर दुसरं काही भरू नको, खणात ठेवून दे. टॅब बिघडला तर त्यावरून सगळं परत घालता येईल.

ते न जमलेलं वाक्य कुठलं, ते लिहिलं नाहीस. मी 'ळ' काढून काहीतरी सुचवलं असतं.

निलेश

---

मुलुंड (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

निलू,

अक्षर बघून हसू नकोस. पेन दोन बोटांत राहत नाही, मुठीत धरून लिहिते.

नाताळच्या आठवड्यात आवाज गेला. शेवटचा शब्द कुठला तेही आठवत नाही, काहीतरी 'हं' असेल. मी काही तयारी केली नव्हती असं नाही. तुझा टॅब होता.

तो टॅब आता टेबलावर पालथा पडलेला असतो. तो बिघडला नाही, उत्तम चालतो. मी 'स्वरदा, तू जेवलीस का?' दाबलं, तर ती म्हणाली, 'हो, जेवले', आणि उठून आत गेली. मागोमाग गेले तर बाथरूमचा नळ सोडून रडत होती. अनिरुद्ध त्या आवाजाला उत्तरच देत नाही. त्याला वाटतं बाहेर कोणी सूचना देतंय. काल तर म्हणाला, 'वसू, ही बाई कोण गं?'

खरंच, कोण आहे ती? मी ऐकलं नीट. शाळा तपासायला अधिकारी आल्यावर मी जिच्यासारखी बोलायचे ती. या घरात मी कधी 'कृपया' म्हटलेलं नाही. मी ओरडायचे, टोमणे मारायचे, मालवणीत शिव्या घालायचे. ते सगळं कार्डात होतं, निलू. ऐंशी-नव्वद टेक. मी एकेक करून स्वतःच्या बोटाने उडवले.

तुझा दोष नाही. तू रीत सांगितलीस, मी जरा जास्तच मन लावून पाळली. पण फार वाईट वाटतं. दुसरं कोणाला लिहू?

वसुताई

---

चारकोप
२३ जानेवारी

वसुताई,

'तुझा दोष नाही' असं लिहू नको. मीच मोठ्या अक्षरात चिकटवायला सांगितलं होतं. तीस वर्षं खरखर काढायचं काम केलं, त्यामुळे खरखर म्हणजे घाण एवढंच डोक्यात बसलंय. ऑक्टोबरमध्ये तुझ्या फाइली ऐकताना मलाही काहीतरी खटकलं होतं. आवाज तुझा आणि तू कुठेच नाहीस. पण काम इतकं साफ होतं की मी गप्प बसलो.

आता घाई कर. ते कार्ड खणातच आहे ना? त्यावर नंतर काही भरलं नसशील तर थोडी आशा आहे. डिलीट केलं म्हणजे लगेच पुसलं जात नाही. हजेरीपटातून मुलाचं नाव खोडतात, पण मूल वर्गात बसलेलंच असतं, तसं आहे ते. त्या बाकावर दुसऱ्याला बसवलं की मग उठतं. तू एकावर एक रेकॉर्ड करत गेलीस, त्यामुळे बरेच उठले असतील. सगळे नसतील.

कार्ड कशात घालू नको. कागदात गुंडाळून पाठव.

निलेश

---

मुलुंड (पूर्व)
२९ जानेवारी

निलू,

कार्ड पाठवते. जे सापडेल ते तू ऐकू नकोस, तसंच पाठवून दे. एवढं ऐक माझं.

व.

---

चारकोप
८ फेब्रुवारी, शनिवार

वसुताई,

तू ऐकू नको म्हणालीस. पण रिपेअरवाला न तपासता माल देत नाही, मी ऐकलं. तो एक फोन सोडला, तर आयुष्यात पहिल्यांदा तुझा शब्द मोडला.

ब्याण्णव फाइलींची नावं सापडली. बऱ्याचशा उघडतच नाहीत, काही अर्ध्यात तुटतात. चौतीस धड वाजतात. एकीत तुझं हसणं आहे आणि मागून भावोजी सांगतायत, 'अगं, दिवा लाल आहे, चालू आहे ते.' एकीत तू स्वरदाला 'मेले' म्हणतेस, चार्जर सापडत नाही म्हणून. एकीत तू 'कृपया मला' म्हणून थांबतेस आणि स्वतःशीच 'ह्या कोण बोलता गो?' म्हणतेस. आणि दूध. 'अनिरुद्ध, दूध इला वर! खंय आसा लक्ष तुझा?' एवढा मोठा आवाज की माझ्या स्पीकरचा पडदा थरथरला. ती मी चार वेळा लावली. दशरथ शेजारून बघायला आला काय झालं म्हणून.

मग चौदा सप्टेंबर या तारखेच्या फाइली. ओळीने चौदा, त्यातल्या अकरा वाजल्या.

पहिल्यात शाळेच्या भाषेत आहे, 'निलेश, एकदा भेटून जा.' जीभ अडखळली, तू ती उडवलीस. मग परत. मग परत. सहाव्यात भाषा सोडलीस, 'निल्या, एकदा येवन जा रे.' तीही तुला पसंत पडली नाही. शेवटच्यात नुसतं माझं नाव आहे आणि पुढे पाऊण मिनिट काही नाही. पंखा बंद आहे, कपाट उघडं आहे, त्यामुळे तू रडतेस ते अगदी स्वच्छ आलंय. तशी व्यवस्था मीच करून दिली होती.

म्हणजे सप्टेंबरपासून तू मला बोलावत होतीस आणि मी तुझं 'येऊ नकोस' धरून बसलो होतो. पाच महिने. तेव्हा तुला बोलता येत होतं, वसुताई. वाकडंतिकडं का होईना, येत होतं. मी समोर बसलो असतो तर दहातले चार शब्द मला कळले असते, बाकीचे मी अंदाजाने घेतले असते. तू मला ओरडली असतीस. ते आता होणार नाही. सेल लागेपर्यंत थांब म्हणणारा मीच, आणि सगळ्यात जास्त थांबलो तोही मीच.

हे पत्र आत्ता पेटीत टाकतो आणि उद्या सकाळी निघतो. पत्र माझ्यामागून येईल. कडी लावलीस तर जिन्यात बसेन, संध्याकाळपर्यंत बसेन.

निलेश

---

मुलुंड (पूर्व)
१७ फेब्रुवारी

निलू,

अक्षर स्वरदाचं आहे. मी अक्षरांच्या पाटीवर एकेक अक्षर दाखवते, ती लिहिते. एवढ्या पत्राला दोन दिवस लागले, म्हणून थोडक्यात.

तुझं पत्र बुधवारी आलं. त्याआधी रविवारी आलास तेव्हा तू हे काहीच बोलला नाहीस. दार उघडंच होतं, तरी तू बेल वाजवलीस. मग तासभर टॅबच्या बॅटरीबद्दल बोलत होतास. मी रुमाल शोधत होते, तेव्हा तू स्वतःचा काढून माझी हनुवटी पुसलीस आणि पुढे बॅटरीबद्दलच बोलत राहिलास. मला तेव्हाच कळलं की तू ऐकलं आहेस.

तू आणलेल्या त्या चौतीस फाइली स्वरदाने टॅबवर घातल्या. 'कृपया'वाल्या बाईला शेवटच्या पानावर टाकलं. मंगळवारी सकाळी माझ्या हाताखाली दुधाचं बटण दाबलं गेलं. अनिरुद्ध अंघोळ सोडून ओल्या अंगाने स्वयंपाकघरात धावला. गॅस बंद होता, पातेलं फ्रीजमध्ये. मग टॉवेल गुंडाळून माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, 'परत दाब.'

चौदा सप्टेंबरच्या आता खरंच उडव. त्यांचं काम झालं.

हात महिनाभर टिकेल असं कुंदाबाई म्हणतात. पाकिटं नऊ उरली आहेत. मला लागणार नाहीत. रविवारी येशील तेव्हा घेऊन जा.

वसुताई